जगबुडीनंतरच्या कथेतला खलनायक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महामारी, अणुयुद्ध, पाठोपाठ पडलेले दुष्काळ, कारण काहीही असो. जग मोडून पडल्यावर उरलेली माणसं कशी तगतात याची कथा लिहायला बसलेल्यांचं घोडं बहुतेक वेळा खलनायकापाशी अडतं. प्रलय छान जमलेला असतो, नायिका जिवंत वाटते, आणि मग जीपमधून बंदुका घेऊन एक टोळी येते आणि कथा कुठल्याही मारधाडीच्या सिनेमासारखी होते. नव्यानं लिहिणाऱ्यांना पडणारे प्रश्न आणि माझी उत्तरं खाली दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे.

खलनायक लागतोच का? प्रलय पुरेसा नाही का?

लागतोच असं नाही. नेव्हिल शूट यांच्या १९५७ च्या ‘ऑन द बीच’मध्ये अणुयुद्धानंतरचा किरणोत्सार उत्तरेकडून हळूहळू ऑस्ट्रेलियाकडे सरकतो आणि मेलबर्नमधली माणसं शेवट ठाऊक असूनही कामावर जातात, बागेत झाडं लावतात. त्या कादंबरीत खलनायक नाही आणि असता तर ती बिघडली असती. तिथे कोणीच वाचणार नाही, त्यामुळे वाटून घेण्यासारखं काही उरलेलं नाही.

पण तुमच्या कथेत काही जण वाचू शकत असतील, तर प्रश्न बदलतो. पाणी दोघांपुरतं आणि माणसं तीन, हा हिशेब सुरू झाला की कोणीतरी ठरवणार. या प्रकारच्या कथेतला खलनायक त्या ठरवण्यातून जन्माला येतो. वादळाशी वाद घालता येत नाही, ठरवणाऱ्याशी घालता येतो.

खलनायक जमला हे कशावरून ओळखायचं?

माझी एक कसोटी आहे. मध्यरात्र आहे, पोराच्या अंगात ताप आहे, घरातलं औषध संपलंय. अशा वेळी तुमच्या कथेतली आई त्या माणसाच्या फाटकाशी जाईल का? मनात भीती असेल, तिरस्कार असेल, तरीही जाईल का? जाणार असेल तर खलनायक जमला. ती उलट्या दिशेनं पळणार असेल, तर तुम्ही नुसता गुंड उभा केलाय. गुंडापासून लपता येतं. ज्याच्यावाचून अडतं, त्याच्यापासून लपता येत नाही.

‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ या २०१५ च्या चित्रपटातला इम्मॉर्टन जो आठवा. त्याची पहिली ओळख मारामारीतून होत नाही. आधी त्याची पाठ दिसते, फोडांनी भरलेली. सेवक तिच्यावर पावडर फुंकतात, वर पारदर्शक चिलखत चढवतात, चिलखतावर पदकं, तोंडावर दातांचा मुखवटा, श्वासाला नळ्या. म्हणजे माणूस आतून सडत चाललाय आणि बाहेरून देव म्हणून सजवला जातोय. मग तो कड्यावर येतो. खाली वाळवंटात शेकडो माणसं भांडी घेऊन उभी. तो दांडा ओढतो, कड्यातून पाण्याचे लोट कोसळतात, माणसं एकमेकांच्या अंगावरून धावतात, आणि भांडं धड भरायच्या आत तो पाणी बंद करतो. वर उपदेश करतो की पाण्याची चटक लावून घेऊ नका, नाही मिळालं तर चिडाल. दोन-तीन मिनिटांत त्याचं सगळं राज्य कळतं: पाणी त्याचं, कधी सोडायचं ते त्याच्या हातात, आणि तहान लागली हा दोष तुमचा.

त्या प्रसंगात त्यानं कोणाला मारलेलं नाही, हे लक्षात घ्या.

त्याच्या हातात नेमकं काय असावं?

एकच गोष्ट, पण तिचा हिशेब तुम्हाला पक्का माहीत हवा. अन्न, पाणी, औषध, इंधन, बियाणं, वीज, सुरक्षित भिंत, यांतलं काहीही चालेल. नवे लेखक ‘त्यानं गोदाम ताब्यात घेतलं’ एवढं लिहून पुढे जातात. ते गोदाम किती दिवस पुरेल? माणशी रोज अर्ध्या किलोच्या आसपास धान्य धरलं तर शंभर माणसांना दिवसाला जवळपास एक पन्नास किलोचं पोतं लागतं. म्हणजे वर्षाला साडेतीनशेहून जास्त पोती. आपत्तीतल्या छावण्यांसाठी माणशी रोज किमान पंधरा लिटर पाणी हे जगभर मानलं जाणारं माप आहे. दोनशे माणसांची वस्ती असेल तर दहा हजार लिटरचा टँकर तीन दिवसांत कोरडा.

हे आकडे कथेत छापायचे नाहीत. पण ते ठाऊक असले की खलनायकाची झोप का उडाली हे कळतं. त्याला दिसतंय की पोती फाल्गुनात संपणार आणि पुढचं पीक दिवाळीआधी येणार नाही. मधल्या महिन्यांचं काय, हा खरा प्रश्न आहे आणि तो त्याच्याशिवाय कोणी विचारत नाहीये. नायिका माणुसकीबद्दल बोलते तेव्हा तो तिला पोती मोजायला सांगतो. त्या भांडणात वाचकाला थोडा वेळ तरी त्याचं पटलं पाहिजे.

साठा नासतोही. पेट्रोल काही महिन्यांत खराब होऊ लागतं, गोळ्यांची मुदत संपते, धान्याला कीड लागते. सत्ता नासत चाललीय आणि ते फक्त त्यालाच माहीत आहे, या गुपितावर अख्खी कादंबरी उभी राहू शकते.

इतिहासात असा कोणी सापडतो का?

सापडतो, आणि आपल्याच मुलखात सापडतो. १८७६ ते ७८ चा दख्खनचा दुष्काळ. सोलापूर, नगर, पुणे, सातारा भागात पिकं गेली, गुरं गेली, माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला जमली. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटननं सर रिचर्ड टेंपल याला मुंबई आणि मद्रास इलाख्यात पाठवलं. काम एकच, खर्च आटोक्यात आणायचा. टेंपलनं मजुरी ठरवली: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा. बाई आणि पोरांना त्याहून कमी. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि तेवढ्यावर दिवसभर दगड फोडायचे.

आता त्याची मागची गोष्ट बघा, कारण ती कोणत्याही कादंबरीकाराला सुचलेल्या भूतकाळापेक्षा भारी आहे. तीनच वर्षांपूर्वी, १८७४ मध्ये, बिहारच्या दुष्काळात याच टेंपलनं ब्रह्मदेशातून लाखो टन तांदूळ आणवला होता आणि भूकबळी फार थोडे पडू दिले होते.  पण उधळपट्टी केली, लोकांना फुकट खायची सवय लावली, अशी टीका त्याच्यावर झाली. दख्खनमध्ये आला तो हा धडा शिकून आलेला टेंपल होता. माणसं कशी वाचवायची हे त्याला येत होतं. त्यानं एकदा वाचवून दाखवली होती.

मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कमी केलेली मजुरी नाकारून कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या धान्यावर श्रम करणारा माणूस टिकत नाही असं ठासून सांगितलं. त्या दुष्काळात फक्त ब्रिटिश अमलाखालच्या मुलखातच पन्नास लाखांहून अधिक माणसं दगावली असा अंदाज आहे. आणि टेंपल? तो त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला.

या माणसानं कोणावर हात उगारल्याची नोंद कोणी मागत नाही, कारण त्याला त्याची गरजच नव्हती. त्याचं हत्यार म्हणजे मजुरीचा दर. तुमच्या कथेतल्या खलनायकाला बंदूक देण्याआधी त्याला एक दर ठरवायला लावा.

आपत्तीत माणसं जनावरं होतात, मग खलनायक वेगळा कशाला?

होत नाहीत. ही समजूत या प्रकारच्या कथांना सगळ्यात जास्त मारक ठरलीय, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

जून १९६५ मध्ये टोंगातल्या एका शाळेतली सहा मुलं होडी पळवून समुद्रात गेली, वादळात भरकटली आणि ‘आता’ नावाच्या निर्जन बेटाला लागली. पंधरा महिन्यांनी, सप्टेंबर १९६६ मध्ये, पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन खलाशाला ती सापडली तेव्हा सहाही जण धडधाकट होते. त्यांनी कामाच्या पाळ्या लावल्या होत्या, विस्तव विझू दिला नव्हता, एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो बांधून बरा केला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा ढिगारे उपसायला आधी पोचली ती शेजारपाजारची माणसंच. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरात घेतलं, चहा-बिस्किटं दिली.

मग वाईट कोण वागलं? त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस न्यू ऑर्लीन्सवर कॅटरिना वादळ आदळलं. स्टेडियममध्ये आसरा घेतलेल्यांत खून-बलात्कार चाललेत अशा बातम्या सुटल्या. त्यांतल्या बहुतेक खोट्या निघाल्या. पण त्या खऱ्या मानून शहरात शस्त्रं आली. ४ सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी नि:शस्त्र नागरिकांवर गोळ्या झाडल्या, दोन जण मेले, चार जखमी झाले. लुटारूंच्या भीतीनं जे केलं गेलं ते लुटारूंपेक्षा भयंकर होतं.

यातून खलनायक कसा घडवायचा? जो माणूस सगळ्यांना पटवून देतो की बाहेरचे सगळे लांडगे आहेत, तो. ‘ट्रेन टू बुसान’ या २०१६ च्या कोरियन चित्रपटात नीटनेटक्या सुटातला एक कंपनी अधिकारी डब्यातल्या साध्यासुध्या प्रवाशांना पटवतो की पलीकडून जिवावर उदार होऊन आलेल्यांना विषाणू लागलेला असणार, दार उघडू नका. दार तो एकटा धरून ठेवत नाही. सगळे धरतात. अफवा पसरवणाऱ्याइतका घातक माणूस अशा जगात दुसरा नाही, आणि तो स्वतःला गावाचा राखणदार समजत असतो.

त्याचा भूतकाळ किती सांगावा?

एक प्रसंग. लहानपणी बाप मारायचा, बायको डोळ्यांदेखत गेली, पोरगं भुकेनं गेलं, असे तीन-तीन घाव रचलेत तर वाचक ते मोजायला लागतो. त्यापेक्षा जग मोडलं त्या दिवशी तो कुठे होता आणि त्याला कोणता प्रश्न पडला, ते शोधा.

एमिली सेंट जॉन मँडेल यांच्या २०१४ च्या ‘स्टेशन इलेव्हन’मधला प्रेषित म्हणजे आधी विमानतळावर अडकलेला एक लहान मुलगा. धावपट्टीवर एक विमान कायमचं बंद उभं आहे, आत साथीनं मेलेली माणसं. तो पोरगा विमानाबाहेर उभा राहून त्या मेलेल्यांना बायबल वाचून दाखवतो. आपण का वाचलो आणि ते का नाही, याचं उत्तर त्याला हवंय, आणि त्याला सापडलेलं उत्तर म्हणजे जे झालं ते योग्यच झालं, वाचलेले निवडलेले आहेत. मोठेपणी तो कोवळ्या मुलींना बायका करतो, शस्त्रधारी अनुयायी बाळगतो. पण मुळाशी आहे एका पोराचा प्रामाणिक प्रश्न, ज्याला मोठ्यांपैकी कोणी वेळेवर नीट उत्तर दिलं नाही. वाचलेल्या प्रत्येकाच्या मनात तो प्रश्न असतोच, म्हणून प्रेषिताला माणसं मिळतात.

क्रौर्य किती दाखवावं?

तुम्हाला वाटतं त्याहून कमी. ‘द वॉकिंग डेड’ या मालिकेतला नेगन म्हटलं की लोकांना काटेरी तार गुंडाळलेली बॅट आठवते. मला त्याचा नियम जास्त भेदक वाटतो: जे पिकवाल, जे शोधून आणाल, त्यातलं निम्मं माझं. बॅट एकदाच पडते. निम्मा वाटा दर आठवड्याला द्यावा लागतो, आणि तो देण्यासाठी तुमच्यातलेच लोक शेजाऱ्याच्या घरात लपवलेलं शोधू लागतात. एक हत्या नीट लिहा आणि तिचा धाक पुढे पुरवा. दर प्रकरणात रक्त सांडलंत तर वाचक कोडगा होतो.

झाँबी, विषाणू किंवा जमाव खलनायक होऊ शकतो का?

विषाणूला इच्छा नसते, म्हणून तो फक्त परिस्थिती. झाँबींचंही तेच. अपवाद हवा असेल तर रिचर्ड मॅथेसन यांची १९५४ ची ‘आय अ‍ॅम लेजंड’ वाचा. तिथे शेवटचा माणूस रोज दिवसा रक्तपिपासूंना शोधून मारतो आणि शेवटी कळतं की त्यांच्यातल्या काहींनी नवा समाज वसवलाय, आणि त्यांच्या लेकराबाळांच्या गोष्टींत राक्षस तोच आहे.

जमाव मात्र नक्की होऊ शकतो. त्यासाठी जगबुडीचीही गरज नाही. महाडचं चवदार तळं १९२४ मध्येच नगरपालिकेच्या ठरावानं सर्वांना खुलं झालं होतं, तरी अस्पृश्य मानलेल्यांना तिथे पाणी भरू दिलं जात नव्हतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. मग गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. जमावानं परतणाऱ्यांना मारहाण केली आणि नंतर तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. दुष्काळ नव्हता, तळ्यात सगळ्यांना पुरेल एवढं पाणी होतं. मराठीत पाण्याच्या टंचाईची कथा लिहिताना हे विसरून चालणार नाही. जग मोडल्यावर जात आपोआप गळून पडेल असं गृहीत धरणारी कथा मला खोटी वाटते. रांग लागली की रांगेत कोण कुठे उभं राहणार हे ठरवायला जुन्याच सवयी पुढे येतील.

महाराष्ट्रात अशी कथा घडवायची तर खलनायक कुठे बसवू?

पडक्या मॉलमध्ये नको. सहकारी साखर कारखान्यात बसवा. विचार करा: आवाराला भिंत आणि एकच मोठं फाटक, फाटकाशी वजनकाटा, आत साखरेची गोदामं, लेथ मशिनसकट वर्कशॉप, कामगारांच्या चाळी. उसाच्या चिपाडावर चालणारी सहवीजनिर्मिती असेल तर वीज आहे. मळीपासून अल्कोहोल काढणारी आसवनी असेल तर इंधन आहे, जखमा धुवायला स्पिरिट आहे. अमेरिकन कथेतल्या कुठल्याही किल्ल्याहून हा किल्ला पक्का, आणि आपल्याकडे तो दर काही कोसांवर उभा आहे.

कमजोरीही तिथेच आहे. साखरेवर ऊर्जा मिळते, पण नुसत्या साखरेवर माणूस जगत नाही. डाळ-ज्वारी बाहेरून आणावी लागणार. बॉयलर पेटता ठेवायचा तर ऊस तोडून आणावाच लागणार. म्हणजे खलनायकाला माणसं हवीत, भरपूर आणि बांधलेली. त्याची रीतही आयती आहे. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत कोयता बांधला जातो. कामावर न आल्यास खाडा लागतो. आता पैशांच्या जागी ज्वारी ठेवा. पहिल्या दिवशी तुमच्या उपाशी कुटुंबाला पोतंभर ज्वारी देणारा माणूस देवासारखा वाटेल. ती ज्वारी तुमच्या नातवापर्यंत फिटणार नाही, हे कळायला वर्ष जाईल.

याउलट ज्यांना माणूस चांगला दाखवायचा आहे त्यांच्यासाठी मंगळवेढ्याचे दामाजीपंत आहेतच. दुष्काळात बादशहाची कोठारं उघडून लोकांना धान्य वाटणारा अधिकारी आपल्या संतपरंपरेनं पाचशेहून जास्त वर्षं आठवणीत ठेवलाय. किल्ली हातात असलेला माणूस काय करतो, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. घरात ७२ च्या दुष्काळातलं कोणी असेल तर त्यांना मिलोच्या भाकरीबद्दल, सुकडीबद्दल, पाझर तलावाच्या कामावरच्या मुकादमाबद्दल विचारा. आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेलं गेलं, त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती, हेही ध्यानात असू द्या. तुमच्या कथेला लागणारा कच्चा माल असा आपल्याच जिल्ह्यांत पडलेला आहे.

खलनायकाचे संवाद नाटकी होतात. काय करू?

त्याला तत्त्वज्ञान बोलू देऊ नका, कामाचं बोलू द्या. आणि शक्य तिथे त्याला वागायला बरा ठेवा. वरच्याच कारखान्यातला एक छोटा प्रसंग लिहून दाखवतो. हजेरीचं रजिस्टर सांभाळणारा माणूस पूर्वी कारखान्याच्या शेतकी खात्यात स्लिप बॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा, होता. दारात एक बाई उभी आहे.

“ताई, उभ्या का? बसा की. आधी पाणी घ्या.”

“दादा, आमच्या मामांचं नाव दिसंना यादीत.”

“मी नाही हो कापलेलं. ज्यांचे सलग खाडे पडले त्यांची यादी मुकादमांनी दिली, मी नुसती उतरवून घेतली.”

“अंथरुणाला खिळलेत ते.”

“ठाऊक आहे ना मला. आमचे अण्णा असेच होते.” त्यानं पान उलटलं. “तुमच्या वाट्यातलं तुम्ही त्यांना द्या. त्याला इथं कुणाची ना नाही.”

शेवटच्या वाक्यासाठी मी बाकीची रचली. सासऱ्यांना उपाशी ठेवायचं की पोरांना, हा निर्णय त्यानं तिच्या गळ्यात घातला आणि वर परवानगी दिल्यासारखा बोलला. त्याच्या अण्णांचं पुढे काय झालं, ते मी सांगितलेलं नाही. तेही लिहू नका.

खलनायक बाई असेल तर वेगळं काही लागतं का?

कसोटी तीच. ‘मॅड मॅक्स बियाँड थंडरडोम’मध्ये (१९८५) टीना टर्नर यांनी रंगवलेली आँटी एंटिटी पाहा. वाळवंटात तिनं बाजारपेठ उभी केलीय, कायदा आणलाय. पण शहराला लागणारा वायू जमिनीखाली डुकरांच्या शेणापासून बनतो, आणि तिथला मालक दुसराच आहे. तो वायू बंद करून तिला सगळ्यांदेखत नमवतो. तिचा कपटीपणा तिथून येतो. तिनं जे बांधलंय ते खरोखर बांधण्यासारखं होतं, म्हणून ती लक्षात राहते. खलनायिकेला मत्सर आणि सूड एवढ्यावर भागवू नका.

नायक आणि खलनायक एकमेकांसारखे असावेत का?

सारखे नव्हे, एकाच प्रश्नासमोर उभे. ‘द लास्ट ऑफ अस’ या २०१३ च्या गेमचा नायक जोएल शेवटी एका मुलीला वाचवण्यासाठी रुग्णालयातल्या माणसांना मारतो, ज्यांना तिच्या जिवाच्या बदल्यात साथीवर लस शोधायची होती. २०२० च्या दुसऱ्या भागात त्या मारल्या गेलेल्या सर्जनची मुलगी येते आणि खेळणाऱ्याला अर्धा खेळ तिच्या बाजूनं खेळावा लागतो. एकाच दिवसाची दोन घरांतली हकीकत, एवढंच केलंय, पण त्यानं अनेक खेळणारे अक्षरशः चिडले. तुमच्या कथेत खलनायकाच्या घरचं एक प्रकरण लिहून पाहा, मग ते छापा किंवा ठेवून द्या. बाकीची प्रकरणं आपोआप सुधारतील.

शेवटी त्याला मारायचंच का?

मारा, पण त्याआधी त्याचा मुद्दा हरवा. ‘फॉलआउट’ या १९९७ च्या गेममध्ये मास्टर नावाचा खलनायक आहे. माणसांची भांडणं कायमची मिटावीत म्हणून त्याला सगळ्यांना एकाच नव्या बलदंड जातीत बदलायचंय. त्याच्याशी लढता येतंच. पण खेळणाऱ्यानं आधी नीट शोध घेतला असेल तर त्याच्यापुढे पुरावा ठेवता येतो की ही नवी जात वांझ आहे, पुढची पिढी येणारच नाही. मास्टरला ते आधी खोटं वाटतं. मग पटतं. आपण जे केलं ते सगळं फुकट होतं हे त्याला सहन होत नाही आणि तो स्वतःसकट सगळं उडवून देतो. त्याला आपल्या विचारावर खरोखर श्रद्धा होती म्हणूनच पुरावा त्याला लागला. नुसता ढोंगी असता तर खांदे उडवून मोकळा झाला असता.

आणि तो मेल्यावरची सकाळ लिहिल्याशिवाय कथा संपवू नका. बहुतेक जण इथेच थांबतात: फाटक मोडलं, माणसं जल्लोष करतायत, सूर्य उगवतोय. पण बॉयलरला ऊस कोण आणणार? गोदामात किती पोती उरलीत हे त्याच्याशिवाय कोणाला माहीत होतं? ज्यांची उचल फिटली नव्हती ते घरी जातील की राहतील, आणि राहिले तर कोणत्या दरानं? नायिकेला त्या दिवशी दुपारपर्यंत काहीतरी ठरवावं लागेल, कारण दुपारी लोक जेवायला येणार आहेत. ते प्रकरण आधी लिहा, खलनायकाचं पहिलं पान त्यानंतर लिहायला घ्या.